शनिवारला रंग नसतो

आत्या,

परवा ईस्टरच्या पहाटे वेदीवर पांढरं कापड मी अंथरलं. उलटं. तुझी ती बारीक जरीची किनार आत गेली आणि शिवणीचे लोंबते दोरे मंडळींकडे तोंड करून बसले. फादरांच्या लक्षात आलं तेव्हा मिस्सा अर्ध्यावर आली होती. त्यांनी एकदा कापडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पुढं वाचत राहिले. तू असतीस तर वाचू दिलं नसतंस. बसल्या जागेवरून म्हणाली असतीस, “शम्या, देवाला अस्तर दाखवायलास व्हय रं?”

तुला जाऊन दोन आठवडे झाले. तुझी पत्र्याची पेटी आता माझ्याकडे आहे. ती माझ्याकडे का आली हे तुला सांगायचंय, आणि त्यात माझी बाजू फार वाईट आहे, म्हणून आधी इकडचं तिकडचं सांगतो. ही माझी खोड तुला नवी नाही. सेलूच्या बॅनरच्या दुकानात दिवसभर बडबड करून मी वालूरला तुझ्याकडे यायचो, आणि मुद्द्याला येईपर्यंत तू शेंगा फोडत “हं, हं” करत बसायचीस. तुझा हुंकार म्हणजे नुसता होकार नव्हे. मी थाप मारली की तो बंद पडायचा. तू मान वर करायची नाहीस, रागवायची नाहीस. फक्त “हं” यायचा नाही. मग मला निमूट मागं जाऊन वाक्य दुरुस्त करावं लागायचं.

पेटीत लिंबाचा पाला आणि वेदीवरच्या कापडांचे पाच रंग. जांभळा, पांढरा, लाल, हिरवा, आणि वर्षातून दोनच रविवार लागणारा गुलाबी, जो तू स्वतःच्या लुगड्यातून फाडून काढला होतास. मी पडलो फ्लेक्स छापणारा. रंगातलं आपल्याला कळतं असा माझा समज. एकदा तुला शहाणपण शिकवायला गेलो होतो की नाताळाआधीच्या आगमनकाळालाही जांभळा आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळालाही जांभळा, लोकांचा घोळ होतो, एक जरा फिका करून घेऊ. तू तेव्हा जिनिंगवरून आली होतीस, केसांत कापसाचे तंतू. म्हणालीस, “दोनी जांभळे एकच न्हाईत बाबा. आगमनातला तांबडं फुटायच्या आधीचा हाय. उपवासातला मुक्या माराचा. कापड तेच, बघणारानं बघायचं.”

मी म्हणालो, “बघणारानं बघायचं तर कापड कशाला बदलायचं?”

“तुझ्यासारख्या आंधळ्यासाठी.”

आगमनकाळ तुला आवडायचा. आपल्याकडे तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात. येणाऱ्याची वाट बघायची म्हणजे हात जोडून दारात बसायचं नाही, वेचत वेचत बघायची, असं तुझं म्हणणं. बोंड आतून कधी उकलतं ते कुणाला दिसत नाही, सकाळी गेलं की पांढरं झालेलं असतं. नाताळही तसाच, म्हणायचीस. आणि ईस्टरनंतरच्या पेंटेकॉस्टचं लाल कापड उतरलं की आगमनापर्यंत तो लांबच लांब हिरवा. सामान्यकाळ. मी म्हणायचो, आत्या, यात काही घडतच नाही, वर्षातला सगळ्यात कंटाळवाणा भाग. तू विचारलंस, “तुझ्या लग्नाला किती वर्सं झाली? त्यात सणाचे दिवस किती? मग बाकीचे दिवस बायको तुझ्यासंग काय करायली? खुरपायलीय. तोच हिरवा.” बायकोनं हे ऐकलं आणि तेव्हापासून घरात मला तण म्हणतात.

उपवासकाळ मात्र माझा विषय नव्हताच. दरवर्षी काहीतरी सोडायचो आणि दरवर्षी तेच मला धरायचं. एका वर्षी चहा सोडला, तीन दिवस. एका वर्षी फुशारकीनं खोटं सोडलं, तर पहिल्याच आठवड्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर आला आणि ‘कार्यसम्राट’ हा शब्द छापावा की नाही यावर मी अर्धा तास विचार करत बसलो. गिऱ्हाईक गेलं. तू म्हणालीस, “बरं झालं. चाळीस दिवसांत एक तर खरा निघाला.”

आणि ती राख. आत्या, ते भांडण आपण अर्धवट सोडलं.

झावळ्यांच्या रविवारी मिळालेली शिंदीची झावळी प्रत्येक घरात वर्षभर क्रुसामागे खोचलेली राहते, आणि पुढच्या राखेच्या बुधवाराआधी त्या सगळ्या सुकलेल्या झावळ्या गोळा करून, जाळून, त्यांची राख फादर आपल्या कपाळावर लावतात. हे गोळा करायचं काम त्या वर्षी तू माझ्यावर टाकलंस. मी पोतं भरून आणलं आणि तुझ्या अंगणात ठेवून गप्पा मारायला गेलो. तुझ्या भिंतीला भिंत लागून सुमनकाकूंचं घर. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर, त्यांना काय ठाऊक पोत्यात काय आहे. त्यांनी वाळलेला पाला बघून पाणी तापवायला चुलीत घातला. मी परत आलो तर आख्ख्या मंडळीचा पश्चात्ताप सुमनकाकूंच्या न्हाणीत वाहून गेलेला. घाबरून मी बाजारात पळालो आणि दोन नवे फडे घेऊन आलो. घर झाडायचे फडे. तेही शिंदीच्याच पानांचे असतात ना. दोन्ही जाळले. फादरांनी सगळ्या मंडळीच्या कपाळाला केरसुणीची राख लावली.

तुला राखेत बांधणीच्या काथ्याची न जळालेली गाठ सापडली. सगळे जाईपर्यंत तू ती मुठीत धरून ठेवलीस.

“झाड तेच की,” मी म्हणालो.

“झाड तेच. पण झावळीनं वर्सभर घरातलं सगळं बघितलेलं असतंय. भांडणं, आजारपणं, सगळं. म्हणून ती जाळायची. तुझ्या फड्यानं काय बघितलं? दुकान.”

“अन् कोरा फडा नसता, वापरलेला असता तर? त्यानं तर घरातली सगळी घाण बघितलेली असती. मग राख जास्त पावन का कमी?”

पंचवीस वर्षं तू याचं उत्तर दिलं नाहीस. मला वाटतं मी जिंकलो होतो. मला असंही वाटतं की तू मला जिंकू दिलं असशील.

आता शनिवारचं.

तुझ्या पेटीत पाच रंग, पण एका दिवशी तू पेटीला हातच लावायची नाहीस. शुभ शुक्रवार आणि ईस्टर यांच्यामधला शनिवार. वेदी उघडी, नुसता दगड. दिवा विझलेला. दाराजवळच्या भांड्यातलं पवित्र पाणी काढून टाकलेलं, तळाला पांढरी रेघ. फादरांच्या वाट्याला पाच गावं, त्यामुळे आपल्याकडे नवा उजेड लावायचा तो रविवारी पहाटेच; शनिवारी चर्चमध्ये कुणीच नसतं. तू असायचीस. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, एकटी, सतरंजीवर. “शनिवारला रंग नसतो,” तू मला सांगितलंस. “गुरुवारी समदे शिष्य झोपले, शुक्रवारी समदे पळाले. पण मयताला कुणी एकटं ठेवतंय का? आपल्यात माणूस गेलं तर रातभर कुणीतरी बसतंय. मग देव गेला तर कुणी बसायचं न्हाई?”

“आत्या, तो उद्या उठणारच आहे की.”

“ते तुला ठावं हाय. शनिवारला ठावं न्हाई.”

गेल्या वर्षी तुला ताप होता, म्हणून बसायचं काम मी मागून घेतलं. भर दुपारी, बाहेर कुत्रंसुद्धा नव्हतं, पत्रे उन्हानं तडतडत होते, आणि मी बघितलं की मूर्तीवर ईस्टरपर्यंत टाकून ठेवलेलं जांभळं कापड आत ओढलं जातंय आणि बाहेर येतंय. हळूहळू. वारा नव्हता. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर फडकं टाकलं की कसं हलतं, तसं. मी चपलाही न घालता निघालो. तुला सांगितलं की अर्जंट बॅनरचा फोन आला होता. “हं” आला नाही. तू उठलीस, डोक्यावर पदर घेतलास, आणि तापात जाऊन उरलेला दिवस बसलीस.

म्हणून या वर्षी तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी दुकान पोरावर सोडून वालूरला येऊन राहिलो. चर्चमधले क्रूस आणि मूर्ती जांभळ्या कापडानं झाकायचा रविवार आला, तोही मीच पार पाडला. त्या भरात भिंतीवरचं घड्याळही झाकून आलो. तुला सांगितलं तर तू हसलीस, मग खोकलीस, मग म्हणालीस, “असू दे. त्यालाबी जरा इसावा.” तुझं ते शेवटचं हसू.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी दुपारी मी तुला म्हणालो, “औषध आणायला सेलूला जाऊन येतो.” तू म्हणालीस, “सावकाश ये.”

आत्या, मी सेलूला थांबलो नाही. या वर्षी मी मटण सोडलं होतं. पाचवा आठवडा. तुझ्या खोलीत औषधाचा, घामाचा आणि त्या दुसऱ्या कशाचा तरी वास होता, ज्याचं नाव आपण घेत नाही, आणि मला काहीतरी जिवंत, तिखट, गरम पाहिजे होतं. सेलूत मला सगळे ओळखतात. म्हणून थेट देवगाव फाट्याला गेलो, जिथं ट्रकवाले जेवतात. रस्सा मागून घेतला. तिथं बसून, बोटं चाटताना, मला अचानक थंडी वाजली. भर उन्हात. मी भाकरी अर्धी टाकून उठलो. येताना सेलूला औषध घेतलं, निदान तेवढं तरी खरं ठरावं म्हणून.

पोचलो तर दारात चपलांची गर्दी. सुमनकाकू उंबऱ्यावर बसलेल्या. सगळ्यांच्या देखत त्या मला म्हणाल्या, “बरं झालं शमू, शेवटाला तू संगं व्हतास. मी दारातून बघितलं. पाटावर पाठमोरा बसलेला, तिचा हात हातात धरून. मी पाण्याचा तांब्या ठेवून आल्या पावली गेले. तू भाईर गेलास अन् तिनं जीव सोडला. माणूस असंच करतंय, जवळचं हाललं की निघतंय.”

मी तोंड उघडलं. तोंडाला मटणाचा वास होता. मी तोंड मिटलं.

एवढंच केलं मी. एक शब्द खोटा बोललो नाही. बाकी सगळं आपोआप झालं. तुझ्या मातीला लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. फादरांनी उपदेशात सांगितलं की क्रुसाजवळून सगळे पळाले तेव्हा काही जण थांबले होते, आणि आपल्यातही असा एक जण आहे. मी मान खाली घातली, तर लोकांना ती नम्रता वाटली. झावळ्यांच्या रविवारी पहिली झावळी माझ्या हातात. आणि पेटीची किल्ली. “शेवटपर्यंत जो बसला त्याच्याकडंच पायजे,” असं सगळ्यांचं मत पडलं. दिवसा मला हे जमून जायचं. पण तुझ्या खाटेजवळच्या त्या पाटाकडे माझ्यानं बघवत नव्हतं. त्याच्यावर कुणीतरी बसलं होतं, आत्या. सुमनकाकू थापा मारणारी बाई नाही. मी पस्तीस किलोमीटरवर हाडं चोखत होतो, आणि इथं तुझा हात कुणाच्या तरी हातात होता.

मग शनिवार आला.

मी सकाळी आठला जाऊन सतरंजीवर बसलो. खरं सांगतो, बसलो ते तुझ्यावरच्या मायेनं कमी आणि नाही बसलो तर लोक काय म्हणतील म्हणून जास्त. दहापर्यंत ठीक गेलं. अकराला पत्रे तडतडायला लागले. जांभळ्या कापडाखाली घड्याळ चालू होतं. काटे दिसत नव्हते, नुसती टिकटिक, कुणीतरी डोक्यावरून पांघरूण घेऊन जागं असावं तशी. साडेअकरा असतील किंवा बारा. माझ्या लक्षात आलं की मी चर्चमधली माणसं मोजतोय आणि मोजणी एकावर थांबत नाही. डावीकडं, थोडं मागं, जिथं तू बसायचीस. मी मान वळवली नाही. आपल्याकडे लहानपणी सांगतात ना, भर दुपारी मागून कुणी असल्यासारखं वाटलं तर वळायचं नाही.

पळावंसं वाटलं. चपला या वेळी हाताशीच ठेवल्या होत्या. पण पळून कुठं जायचं, पळालेल्या जागेवरूनच तर आलो होतो. मग मला जी एकच गोष्ट येते ती मी केली. बोलायला लागलो. मोठ्यानं. रिकाम्या चर्चला सांगायला लागलो की बुधवारी काय झालं.

“बुधवारी दुपारी मी निघालो,” मी म्हणालो.

“हं,” आलं.

पारवा असेल. आपल्या चर्चच्या आढ्याला पारवे बसतात, ते घुमतात तेव्हा असाच आवाज येतो. मी स्वतःला तेच सांगितलं आणि पुढं बोललो. सेलू ओलांडलं. हं. फाट्यावर गाडी लावली. हं. मटणाचं ताट घेतलं. हं. मला रंग चढायला लागला, तुला माझा स्वभाव ठाऊक. म्हणालो, “पण घास घशाखाली उतरेना. दोन फोडी खाल्ल्या असतील नसतील.”

काही नाही. टिकटिक फक्त.

“सहा,” मी म्हणालो.

“हं.”

“आणि रस्सा परत मागितला.”

“हं.”

सगळं सांगितलं. तुझ्या खोलीचा वास मला सोसत नव्हता, हे. औषधाची गरजच नव्हती, बाटली अर्धी भरलेली होती, हे. लोकांनी पाठ थोपटली ती मला आवडली, हे सांगताना सगळ्यात जास्त वेळ लागला. मग म्हणालो, “आत्या, मी तिथं नव्हतो. मला माफ कर.” याच्यावर हुंकार येईल असं मला वाटलं होतं. आला नाही. मी वाक्य मनात उलटंपालटं केलं, यात खोटं काय आहे ते कळेना. मग कळलं की खोटं काही नव्हतं, अर्धं होतं. “मी सुमनकाकूंना सांगीन,” मी म्हणालो. “आणि मग बाकीच्यांना.”

“हं” आला, तो डावीकडून नाही. अगदी जवळून.

मी दिवस मावळेपर्यंत बसलो. चपला तिथंच होत्या. नंतर काही ऐकू आलं नाही, पण मोजणीही एकावर आली नाही.

रविवारी, त्या उलट्या कापडाच्या मिस्सानंतर, मी सुमनकाकूंकडे गेलो. त्या ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. फाटा, मटण, सगळं. त्यांचे हात थांबले नाहीत.

“मला ठावं हाय,” त्या म्हणाल्या.

“काय ठाऊक आहे?”

“तुझी गाडी बाराला गेली अन् चारला आली. भिंतीला भिंत हाय, बहिरी न्हाई मी. अन् आलास तवा तोंडाला वास मारायलता.”

मी ओट्यावर बसलो. “मग तुम्ही सगळ्यांसमोर तसं कामून म्हणालात?”

“लोकं जमली व्हती. भाचा जेवायला गेला अन् आत्या एकटी गेली, असं सांगू? तिची इज्जत गेली असती. तुझी काय, तुझी गेलेलीच हाय.”

“म्हणजे तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात.”

काकूंनी सुपातला एक खडा उचलला, बघितला, आणि अंगणात टाकला.

“खोटं कशाला बोलू,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी बसलेलं मी बघितलं. मी वळले तवा तांब्यातलं पाणी पाजताना बघितलं. नाव तेवढं तुझं लावलं.”